परक्या हातातला वस्तरा

वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासला जाताना एक मऊ, संथ, किंचित ओलसर आवाज होतो. तो कानी पडला की हिवाळ्यातली रविवारची सकाळ, बाभळीच्या विरळ सावलीत मांडलेली लाकडी खुर्ची आणि तिच्यावर मान मागे टाकून, डोळे मिटून बसलेले तात्या मास्तर मला दिसू लागतात. पांढऱ्या फेसाआड गेलेला कृश चेहरा, गळ्यापर्यंत ओढलेली चादर, आणि त्या चादरीखाली धोतराचा सोगा गच्च आवळून धरलेली मूठ. ती मूठ बाजूला बसलेल्या मलाच तेवढी दिसायची.

चिंचवडच्या शाळेत मी नुकताच लागलो होतो आणि मास्तर तिथले सर्वांत जुने. एकटा जीव. जुनी पुस्तके जमवायची आणि 'मनाचा इतिहास' नावाची वही भरत राहायचे, एवढेच त्यांचे व्यसन. कुणी मनाला हृदयात बसवले, कुणी मस्तकात नेले, कुणी वात-पित्ताच्या स्वाधीन केले तर कुणी भुताखेतांच्या. आणि अलीकडचे पंडित म्हणतात की मनाला तळघरही असते, हे सांगताना त्यांच्या निस्तेज डोळ्यांत सायंकाळच्या उन्हासारखी कोवळी चमक येई. मी जांभई दाबत ऐकायचो. त्यांना ते दिसत असावे, पण ते माफ करायचे.

त्या दिवसांत पिंपरीला निर्वासितांची छावणी वसली होती. फाळणीत सिंध सोडून आलेली ती माणसे, त्यांची अनोळखी भाषा, त्यांच्या चुलींचा वेगळा वास, सारे गावाला बुजवणारे होते. छावणीतल्या खेमचंदने रस्त्याकडेला खुर्ची मांडली. आमचा न्हावी मुलाकडे पुण्याला राहायला गेलेला, तरी लोक त्या रिकाम्या खुर्चीवरून पुढे कासारवाडीपर्यंत चालत जात आणि तिथे दाढी करून परत येत.

"मास्तर, गळा हाय त्यो, धोतर न्हाई," शंकर टांगेवाल्याने बजावले होते. "फाटला तर शिवता यायचा न्हाई."

मास्तर हसले आणि जाऊन खुर्चीत बसले. वहीत त्यांनी लिहिले होते, 'परक्याचे भय अज्ञानातून जन्मते, ओळख झाली की ते विरते.' त्या वाक्याची त्यांनी स्वतःवरच परीक्षा मांडली होती. रविवारमागून रविवार गेले. खेमचंदच्या दोन्ही मुलींची नावे त्यांना पाठ झाली, त्याच्या सिंधमध्ये मागे राहिलेल्या अंगणातल्या विहिरीचे पाणी किती गोड होते तेही कळले. तरी वस्तरा गळ्यापाशी आला की मास्तर आवंढा गिळत आणि ती मूठ आवळली जाई. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि मला त्यांची फार माया येई.

एके दिवशी त्यांनी खेमचंदपाशी कबूल करूनच टाकले. "खेमचंदभाई, मला अजून तुमची भीती वाटते हो."

खेमचंदने वस्तरा पुसला. "मास्तरजी, डर तो मुझे भी है. तुमच्या गळ्यातून एक थेंब निघाला, की माझी खुर्ची उठली. मग मुलींना काय खिलवू?"

आणि पुढच्याच रविवारी तो थेंब निघाला. मास्तरांनी आवंढा गिळला, मान हलली, पाते टेकले आणि फेसावर एक लाल ठिपका उमटला. टांगा थांबवून शंकर आणि आणखी तिघेचौघे बघत उभे होते. खेमचंदचा हात हवेतच थिजला, चेहऱ्यावरचे रक्त उतरले.

"म्या म्हनलं न्हवतं?" शंकर ओरडला.

मास्तरांनी डोळे उघडले, बोटाने रक्त टिपले आणि वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावे अशा आवाजात म्हणाले, "त्याची चूक नाही. मी घाबरलो. मीच हललो."

मग पुन्हा मान मागे टाकून त्यांनी गळा पुढे केला. "चालू द्या, खेमचंदभाई." या खेपेला त्यांचा हात चादरीबाहेर आला आणि खुर्चीच्या दांडीवर विसावला. त्याची मूठ उघडली होती.

दोन रविवारांनी शंकर टांगेवाला स्वतः त्या खुर्चीत येऊन बसला. बसता बसता म्हणाला, "हे बघ भाऊ, म्याबी हलतुया. जरा दमानं घे." खेमचंद मोकळेपणाने हसला. त्याला तसे हसताना आम्ही प्रथमच पाहिले.

मास्तर जाऊन आता कितीतरी वर्षे लोटली. त्यांची वही माझ्याकडे आली. 'परक्याचे भय' हे प्रकरण त्यांनी पुढे लिहिलेच नाही. पहिले वाक्य शाईने खोडलेले आहे आणि त्याखाली दोनच शब्द आहेत, 'मीच हललो.' बाकीचे पान कोरे आहे.

आजही एखाद्या अनोळखी गावी, अनोळखी न्हाव्यापुढे मी मान मागे टाकतो. पाते गळ्याशी येते, मी आवंढा गिळतो, आणि मिटल्या डोळ्यांपुढे फेसाआडचा तो चेहरा येऊन थांबतो. मग मी चादरीखालची माझी मूठ हळूहळू उघडतो, आणि काळाने नेलेले मास्तर तेवढ्यापुरते परत आलेले असतात.