उपाशीपोटीच्या गोळ्या

माझ्या धाकट्या भावासारखा औषधाला पक्का माणूस शोधून सापडणार नाही, आणि तिथेच घात झाला.

किडन्या निकामी झाल्यापासून तो डायलिसिसवर होता. माझी एक किडनी मी त्याला देणार होते. तपासण्या जुळल्या, नवऱ्याची धुसफूसही मी गिळली. राहिला होता फक्त भावाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन.

सर्जनबाईंनी तो पडद्यावर लावला. माझी किडनी जिथे जोडायची, तिथल्या धमन्या पांढऱ्याफटक दिसत होत्या.

"कॅल्शियम साचलंय. इथे टाका बसणार नाही," त्या म्हणाल्या. "फॉस्फरसच्या गोळ्या जेवताना घेत होता ना?"

"एकही चुकवली नाही," भाऊ ताठ बसून म्हणाला. "सकाळी उपाशीपोटी, तिन्ही एकदम."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. ती गोळी अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून बाहेर नेते, म्हणून घासाबरोबर घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली की फॉस्फरस अंगातच राहतो, वर गोळीतलं कॅल्शियम रक्तात जाऊन धमन्यांत साचतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

"जेवताना घ्यायला काय धाड भरली होती तुला?" मी तिथेच ओरडले.

तो गिलाव्याच्या कामावरचा मुकादम. दुपारी हाताखालची माणसं त्याच्याभोवतीच जेवायला बसतात.

"त्यांच्यासमोर गोळी काढली असती तर ठेकेदाराला कळलं असतं, ताई. आजारी माणसाला परांचीवर कोण चढू देतं?"

डायलिसिसच्या दिवशी हा 'दुसऱ्या साइटवर जातो' म्हणून सांगायचा. एवढी थाप पचवली, पण चार माणसांत गोळी चघळायची लाज!

"हे काढता नाही येत?" मी बाईंना विचारलं.

"वाढू नये एवढंच बघू. गोळी बदलून देते. ऑपरेशनचं मात्र विसरा."

बाहेर बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "जाऊ दे ताई. तू तरी सुटलीस."

कानफटात द्यावीशी वाटली. मला सुटायचं नव्हतं रे, गाढवा. रडू येत होतं, ते दाबून मी त्याच्यापुढे डबा उघडला आणि नवी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"खा. घासाबरोबर. माझ्यादेखत."

समोर दोन अनोळखी माणसं बसली होती. त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड करून गोळी तोंडात टाकली.