सातशे ग्रॅम

ज्युनियर मुलींची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा आदिलाबादला भरणार हे नक्की झालं आणि भिवाजींनी मनातल्या मनात एक वही उघडली. चौतीस वर्षं तहसीलीत कारकुनी केलेला माणूस. निवृत्त झाला म्हणून काय रकाने सुटतात? जमेच्या बाजूला पहिली नोंद पडली ती रस्त्याची. नऊ वर्षं अर्ज देऊन न झालेला स्टेडियमजवळचा डांबरी तुकडा चार दिवसांत झाला. गटारावर फरशा आल्या. खर्चाच्या बाजूला पहाटे सहापासून ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ करणारा भोंगा होता, आणि ऑटोवाले होते. त्यांना आता गावातल्या माणसाकडे मान वळवून बघायलाही फुरसत नव्हती.

लॉज कमी पडले. समितीची माणसं स्टेडियमजवळच्या गल्ल्यांमधून दारोदार फिरली आणि ज्याच्या घरी खोली रिकामी त्याच्या घरी दोन-दोन मुली ठेवून गेली. भिवाजींचा मुलगा नागेश हैदराबादला नोकरीला, त्याची खोली बंदच असायची. त्या खोलीत झारखंडच्या संघातल्या चंदा आणि रश्मी उतरल्या. दोघीही एकोणीस वर्षांच्या. रश्मी चढाई करणारी, काडीसारखी. चंदा डाव्या कोपऱ्यात खेळायची. तिने एकदा घोटा धरला की समोरचीने पुढचा जन्म मागून घ्यावा, असं रश्मीचं म्हणणं.

भिवाजींच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी, तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं आणि तेवढीच वर्षं कुणाला तरी जेवायला घातलं होतं. मुलगा लांब गेल्यापासून वाढायला समोर भिवाजी एकटेच, आणि भिवाजींना साखर. दोन तरण्याताठ्या मुली घरात आल्यावर बाईंना जे स्फुरण चढलं ते भिवाजींनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

गोची झाली ती रीतीची. संघाच्या कोच मॅडम गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरल्या होत्या. त्यांनी मुलींना बजावलं होतं की यजमानाच्या घरी कशाला नाही म्हणायचं नाही. चंदाच्या गावी ताट स्वच्छ केलं की जेवण संपलं असा अर्थ. आमच्याकडे रिकामं ताट म्हणजे अर्ज, आणि तो पंचफुलाबाईंच्या दरबारात आजवर कधी नामंजूर झालेला नाही. चंदा ताट पुसून साफ करायची, बाई भाकर टाकायच्या. ती पुन्हा साफ करायची, बाई वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार सोडायच्या. रश्मी चलाख. तिने पहिल्याच दिवशी ताटात घासभर ठेवून ताटावर हात आडवा धरला आणि सुटली. चंदाला अन्न टाकणं जमेना.

त्यात समोरच्या लक्ष्मीबाई होत्या.

लक्ष्मीबाई आणि उद्धवराव मूळचे तामसीकडचे. शेत तिकडे, कापूस तिकडे, घर इथे. लक्ष्मीबाईंकडे मुली उतरल्या नाहीत, कारण त्यांच्या जास्तीच्या खोलीत सध्या छतापर्यंत कापूस होता. ते त्यांना फार लागलं. “पाव्हण्या गल्लीच्या हायत,” त्यांनी जाहीर केलं, “एकट्या मास्तरीणबाईच्या थोड्याच हायत.” आणि सकाळी धपाटे, दुपारी तिळाचे लाडू, संध्याकाळी शेवयांची खीर अशी दुसरी आघाडी उघडली.

लक्ष्मीबाईंबद्दल भिवाजींच्या वहीत एक जुनं पान होतं. बावीस वर्षं दोन्ही घरं समोरासमोर. दिवाळीचं ताट यायचं, संक्रांतीचा तिळगूळ यायचा, आजारपणात सूप यायचं. बाई मनाच्या मोठ्या. पण या घरचा घास त्यांनी कधी तोंडात घातला नव्हता. भिवाजींचं घर बुद्धाचं, हे कुणी बोलत नसे, बोलायची गरजही नसे. बुद्धपौर्णिमेची खीर नेऊन दिली की लक्ष्मीबाई म्हणायच्या, “ठेवा बाई, आज माहा सोमवार हाय.” चहा विचारला की शनिवार असायचा, किंवा “आत्ताच घेतला.” बावीस वर्षांत या बाईचे एवढे उपास झाले होते की हिशेबाने त्या कधीच्या वाळून जायला हव्या होत्या. डबा धुऊन परत आला की पंचफुलाबाई तो फळीवर ठेवून देत.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, चंदा ओट्यापाशी घुटमळली.

“अंकल, यहाँ वजन का काँटा कहाँ मिलेगा?”

“काहे को?”

“कल सात बजे वजन है. पैंसठ के अंदर चाहिए. ऊपर गई तो पूरे टूर्नामेंट से बाहर.” ती जरा थांबली. “घर से निकली तब चौंसठ थी. मॅडम को मत बताना.”

आतून पळी पडल्याचा आवाज आला. पंचफुलाबाईंनी सगळं ऐकलं होतं. सकाळीच त्यांनी वीस पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्या.

“रेल्वेवाले देखने आ रहे हैं,” चंदा खाली बघत म्हणाली. “नौकरी के लिए.”

भिवाजींनी स्कूटर काढली आणि चंदाला मागे बसवलं. उद्धवराव दारातच दात घासत उभे होते. झालं काय ते कळल्यावर तेही मोटरसायकलवर मागे निघाले. त्यांच्या बायकोचे तीन दिवसांचे धपाटे या प्रकरणात सामील होते, त्यामुळे घरी बसणं त्यांना शोभलं नसतं.

सगळ्यात जवळ कापूस घेणाऱ्या अडत्याचा काटा. चंदा चढली. चौसष्ट किलो दोनशे. पोरीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, भिवाजींनीही श्वास सोडला. उद्धवरावांनी मात्र मान हलवली.

“उतर माय, खुश नको होऊ. या काट्यावर माहा कापूस तीस वर्षं बारीक होऊन राह्यला. इथं हत्ती आणला तरी बकरी होऊन जाते.”

मग धान्याच्या दुकानातला पोती मोजायचा काटा. तिथे सहासष्ट किलो तीनशे. आता चंदाच्या डोळ्यांत पाणी.

“हा विकणारा हाय,” उद्धवराव म्हणाले. “याचा काटा लग्नातल्या व्याह्यासारखा, सगळं वाढवूनच सांगते.”

एकच पोरगी, अर्ध्या तासात दोन किलोंचा फरक. भिवाजींना तहसीलीतलं जुनं तत्त्व आठवलं: ज्याचा फायदा त्याची साक्ष धरू नये. जिथे काही विकत नाहीत आणि काही विकत घेत नाहीत, असा काटा पाहिजे. ते तिघं वस्तीतल्या सरकारी बस्ती दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टरने चंदाला चपला काढायला लावल्या, काटा शून्यावर आणला, आणि कुणाचीही भीडभाड न धरता आकडा वाचला. पासष्ट किलो सातशे.

“सातशे ग्रॅम फाजील,” भिवाजी म्हणाले.

“तुमच्या घरी चारशे, आमच्या घरी तीनशे,” उद्धवरावांनी वाटणी करून टाकली.

पंचफुलाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पाटावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. “म्या पोरीले खाऊ घालू घालू बाहीर काढलं,” एवढंच म्हणाल्या. मग उठल्या, शाळेतली बाई जागी झाली. दुपारी ताक, संध्याकाळी काही नाही. पाणी मात्र प्यायचंच, ते तोडायचं नाही. पहाटे आणि संध्याकाळी पळायचं. रश्मी तिच्याबरोबर पळेल. घरात खायच्या गोष्टीचं नाव कुणी काढायचं नाही.

दुपार निभली. लक्ष्मीबाई लाडवांचा डबा घेऊन आल्या त्यांना पंचफुलाबाईंनी दारातूनच परत पाठवलं, हेही बावीस वर्षांत पहिल्यांदा घडलं. साडेपाचला मुली दोन-दोन स्वेटर घालून स्टेडियमला पळायला गेल्या. सहा वाजता एक नवीन संकट पंचफुलाबाईंच्या ध्यानात आलं. मुलींच्या खोलीची खिडकी गल्लीवर उघडायची आणि गल्लीच्या पलीकडे, आठ फुटांवर, लक्ष्मीबाईंचं स्वयंपाकघर. लक्ष्मीबाईंची फोडणी पडली की अर्धी गल्ली ठसकायची. उपाशी पोरीने तो वास घेत रात्र काढायची?

पंचफुलाबाई समोर गेल्या. भिवाजी ओट्यावर पेपर धरून बसले. पेपर उलटा नव्हता, पण ते वाचतही नव्हते.

“लक्ष्मीबाई, आज फोडणी देऊ नका. पोरी येऊन राह्यल्या.”

“मंग आमी खावं काय? हे तर सातला जेवतेत.”

भिवाजींना बायकोची अडचण ओट्यावरूनच कळली. ‘आमच्याकडे जेवायला या’ असं म्हणायची वेळ बाईंनी बावीस वर्षं येऊ दिली नव्हती, ‘नाही’ ऐकायला लागू नये म्हणून. विचारलंच नाही तर नकारही येत नाही. ही त्यांची बचत होती.

“माह्या मागच्या खोलीत सकाळच्या पुरणपोळ्या पडून राह्यल्या,” त्या म्हणाल्या. “वीस हायत. पोरी तर खात नाहीत आता.”

लक्ष्मीबाईंनी पदर खोचला, परत काढला. आज बुधवार. भिवाजींनी मनातल्या मनात सगळे देव फिरून पाहिले. बुधवारचा एकही त्यांच्या कामाचा नव्हता.

“मी जाऊन राह्यलो,” उद्धवराव आतून चपला घालतच बाहेर आले. “पुरण हाय म्हणते अन् तू विचार काऊन करतं?”

लक्ष्मीबाई आल्या. येताना घरचा पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. भिवाजींनी तो पाहिला आणि नोंद करून टाकली. मागच्या खोलीत चौघं बसले. पंचफुलाबाईंनी पोळी वाढली, वर दूध ओतलं. उद्धवरावांच्या दोन पोळ्या कुठे गेल्या ते कुणाला दिसलं नाही. लक्ष्मीबाईंनी एक तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि चावत असताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

“जायफळ टाकता तुमी,” त्या शेवटी म्हणाल्या.

“थोडं.”

“मी इलायची टाकतो. जायफळ बरं लागते.”

ताट रिकामं झालं. पंचफुलाबाईंचा हात न विचारता पुढे गेला आणि दुसरी पोळी पडली. लक्ष्मीबाईंनी ना नाही म्हटलं ना हात आडवा धरला. तांब्या भरलेलाच राहिला, कारण मध्येच ठसका लागला तेव्हा जवळ पंचफुलाबाईंचा पेला होता आणि ठसक्याला निवड करायला वेळ नसतो.

सातला मुली घामाघूम होऊन परत आल्या. गल्लीत कुठेच फोडणीचा वास नव्हता. चंदा पाणी पिऊन झोपली.

गुरुवारी सकाळी सातला स्टेडियमच्या बाजूच्या दालनात वजन होतं. पुरुषांना आत सोडत नव्हते, म्हणून भिवाजी आणि उद्धवराव गेटाबाहेर उभे राहिले. पंचफुलाबाई आणि लक्ष्मीबाईंना खरं तर आत जाता आलं असतं, पण त्याही गेटाबाहेरच थांबल्या. वरून भोंगा पाहुण्यांचं स्वागत करत होता. राज्यांची नावं एकामागून एक येत होती. झारखंडचं नाव आलं आणि गेलं. वीस मिनिटं झाली.

“काटा कोणाचा असंल?” उद्धवरावांनी हळूच विचारलं.

“सरकारी,” भिवाजी म्हणाले. “घेत नाही, विकत नाही.”

“मंग बरं.”

आधी रश्मी बाहेर आली. तिच्या तोंडावरून काही कळेना, कारण ती कायम हसतच असायची. मागून चंदा आली. ती सरळ चालत पंचफुलाबाईंपर्यंत आली आणि त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

“चौंसठ नौ सौ,” ती म्हणाली. “आंटी, सौ ग्रॅम बचे हैं.”

भिवाजींना कळलं की आपण कालपासून खांदे वर धरून चालत होतो. ते आता खाली आले. उद्धवराव रुमालाने टोपीच्या आतली बाजू पुसायला लागले, थंडीचे दिवस असून. लक्ष्मीबाईंनी चंदाच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. “गाल बसले लेकराचे,” त्या म्हणाल्या, “एका रातीत.”

पहिला सामना अकरा वाजता होता. सगळे घरी आले. चंदा चुलीपाशी भिंतीला टेकून बसली. समोर दोन बायका, एकीच्या हातात पळी, दुसरीच्या हातात धपाट्यांचा डबा, आणि दोघींपैकी कुणाचीही वाढायची हिंमत होईना. ताटात एकच धपाटा पडला. चंदाने तो खाल्ला, ताट साफ केलं. कुणी हललं नाही. तिने वर पाहिलं, मग ताट स्वतःच उचलून पुढे केलं.

“आंटी, अब तो दो.”

मग मात्र दोन्ही बाजूंनी वाढलं गेलं. तिने पोटभर खाल्लं आणि शेवटी ताटात एक घास ठेवून त्यावर हात आडवा धरला, रश्मीकडे बघत. रश्मीने मान डोलावली, शिष्य तयार झाल्यासारखी.

भिवाजींनी लक्ष्मीबाईंसाठीही ताट मांडायला घेतलं आणि हात थांबवला. आज गुरुवार. हा उपास खरा होता. दर गुरुवारी पहाटे त्यांच्या दारातली पूजा ते बावीस वर्षं बघत आले होते. कालचं ते काल झालं, असं म्हणून त्यांनी मनातलं पान मिटायला घेतलं.

लक्ष्मीबाई जायला उठल्या नाहीत. भिंतीकडे सरकून नीट बसल्या.

“बाई,” त्या म्हणाल्या, “घरात साबुदाणा हाय काय?”

पंचफुलाबाईंनी कोपऱ्यातल्या पातेल्यावरचं झाकण काढलं. साबुदाणा रात्रीच भिजवलेला होता, एकेक दाणा फुलून मोकळा झालेला. शेंगदाण्याचं कूटही तयार होतं.

भिवाजी बायकोकडे बघत राहिले. वही फक्त आपणच ठेवतो, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं.