टाकी दोनचा पत्ता

ऑफिसात तिला सगळे 'चिमटा' म्हणायचे. एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून. कंपनी अवघी तीन माणसांची. संस्था लेखी परवानगी द्यायच्या आणि मग त्यांच्या वेबसाइटमध्ये चोर कुठून शिरेल, हे चोराच्या आधी शोधून काढायचं, हा यांचा धंदा.

त्या महिन्यात पाणीपुरवठा कार्यालयाचं काम आलं. पहिली पायरी नेहमीचीच, सबडोमेन शोधायचे. मुख्य पत्त्याच्या आधी एखादा शब्द आणि टिंब लावलं की वेगळा पत्ता तयार होतो. बिलांसाठी एक, तक्रारींसाठी एक. करणारा करतो, बदली होऊन जातो, पत्ता मात्र तसाच राहतो. कुलूप न लावलेला.

मंगळवारी ती घरूनच काम करत होती. पायथॉनमध्ये चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. अवघड काम एका तयार लायब्ररीनं उचललं होतं. जाहीर नोंदी चाळायच्या, पाच हजार शब्द एकामागून एक लावून बघायचे, उत्तर आलं की टिपून ठेवायचं. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई मटार सोलत होत्या.

"काय गं पळतंय एवढं?"

"पत्ते शोधतेय, आई. शब्द लावून हाक मारायची. 'ओ' आली तर तिथं काही तरी आहे."

"आणि कोण राहतं तेही कळतं?"

"नाही. फक्त काही तरी आहे एवढंच."

सासूबाईंची तीस वर्षं टपाल कार्यालयात पत्रं लावण्यात गेली होती. "मग अर्धंच कळलं म्हण की," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे 'मालक सापडत नाही' असा शिक्का मारायच्या आधी शेजाऱ्याला विचारावं लागायचं."

"इथं शेजारी नसतात हो, आई."

कार्यालयाच्या यादीत एकोणीस पत्ते होते. स्क्रिप्टनं त्रेचाळीस काढले. वरचे चोवीस कोणाचे? कुठे जुनी चाचणी, कुठे कधीच संपलेल्या स्पर्धेचं पान. आणि एक होता 'टाकी२'. उघडला तर पांढरं पान, मधोमध एक आकडा, खाली 'आकडा दुरुस्त करा' असं बटण. नाव नाही, तारीख नाही, पासवर्डही नाही. जगातला कोणीही येऊन तो आकडा बदलू शकला असता.

तिनं कार्यालयातल्या संगणक विभागाच्या साहेबांना फोन लावला.

"टाकी दोन?" साहेबांनी कागद चाळल्याचा आवाज आला. "आमच्याकडे अशी नोंदच नाही. कोणी तरी गंमत म्हणून केलं असेल. उडवून टाका. मेलवरही तसं कळवतो."

मंगळवारी त्या पानावर ३.४ होतं. बुधवारी तिनं पुन्हा पाहिलं तेव्हा ३.१. तिची नजर तिथं थबकली. पण अहवाल दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता आणि अजून अकरा पत्ते बघायचे राहिले होते. तिनं 'टाकी२'समोर लिहिलं, 'बेवारस. बंद करावा.' शुक्रवारी दुपारी तो बंद झाला.

सोमवारी साहेबांचाच फोन आला. आवाज एकदम सरकारी झाला होता.

"मॅडम, आमचा एक वॉल्व्हमन पडलाय. टाकीच्या शिडीवरून. मनगट मोडलं. ते पान तो रोज बघायचा म्हणे, टाकीत पाणी किती आहे ते. अहवालात 'बेवारस' हा शब्द तुमचा आहे, एवढं लक्षात असू द्या. आम्ही फक्त अंमलबजावणी केली."

तिनं फोन ठेवला. कंपनीचे मालक शेजारच्याच खुर्चीवर होते. ते म्हणाले, "आपण गप्प बसायचं. 'उडवा' असं त्यांचंच उत्तर आहे. मेल आहे आपल्याकडे."

"मेल आहे," ती म्हणाली. "पण आकडा बदललेला मी पाहिला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे टाकी जिवंत होती. कोणी तरी पाणी भरत होतं, सोडत होतं. मला कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी ती पंपघरावर गेली. एकच खोली, जमिनीत बसवलेली हिरवी मोटर, भिंतीतून बाहेर गेलेला मांडीएवढा पाइप आणि त्यावर लोखंडी चाक. स्टुलावर वॉल्व्हमन बसले होते. पन्नाशी उलटलेली, उजवा हात प्लास्टरमध्ये. हात असा असूनही कामावर कसे, असं तिनं विचारलं तर म्हणाले, "बदली माणूस मिळाला नाही. पाणी काय माझ्या हातासाठी थांबणार आहे?"

पान कोणी केलं, हे तिनं विचारलं. काका सांगू लागले, सहा वर्षांपूर्वी इथं एक तरुण इंजिनिअर बाई होती. त्यांचे गुडघे शिडी चढताना कुरकुरतात हे पाहून तिनं टाकीत पाणी मोजायचं यंत्र बसवलं आणि आकडा फोनवर दिसेल असं केलं. पुढे तिची बदली झाली.

"मग साहेबांना कधी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर बंद केलं असतं ना!" ते हसले.

तिला हसता आलं नाही. "काका, ते मीच बंद करायला लावलं."

काकांचं हसू मावळलं. मोटर घरघरत होती.

"तुम्ही होय," ते म्हणाले. "आणि मला वाटलं, माझ्याच हातून काही तरी चुकीचं दाबलं गेलं. शनिवारी फोन दुकानात नेला, रविवारी पुन्हा नेला. दुकानदार म्हणाला, फोन ठणठणीत आहे, तुम्हालाच कळत नाही. बायकोला सुद्धा सांगितलं नाही मी. म्हटलं, आता आपलं वय झालं. सोमवारी शिडी चढलो तेव्हा डोक्यात तेच चाललं होतं."

मनगटाबद्दल ते काही बोललेच नाहीत. बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "चूक माझी. तसं लेखी देणार आहे मी."

तिनं दिलंही. दुरुस्तीच्या पत्रात स्वतःचं नाव घालून लिहिलं, की पान वापरात असल्याची खूण दिसूनही तिनं चौकशी केली नाही. मालकांनी दोन दिवस तोंड फुगवलं, पण सही केली. राहिलेल्या तेवीस पत्त्यांसाठी तिनं साहेबांना सोडून खात्यातल्या एकेका माणसाला फोन लावले. भांडारातल्या कारकुनाला, मीटर वाचणाऱ्यांना, तक्रारी घेणाऱ्या बाईंना. आणखी दोन पानं रोजच्या वापरातली निघाली. संध्याकाळी तिनं हे सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "जेवून घे आधी."

आठवड्यानं पान पुन्हा सुरू झालं, या वेळी पासवर्डसकट. ते नीट चालतंय ना हे बघायला ती पंपघरावर गेली आणि दारातच उभी राहिली. मोटरच्या वरच्या भिंतीवर, वीतभर अक्षरांत, खडूनं तो अख्खा पासवर्ड लिहिलेला होता.

"काका!"

"डाव्या हातानं लिहिलाय," ते अभिमानानं म्हणाले. "लक्षात राहत नाही हो. बारा अक्षरं, त्यात दोन चिन्हं. हे काय माणसाला पाठ होतं?"

ती कपाळाला हात लावून खालीच बसली. मग मात्र तिला हसू फुटलं. तासभर खटपट करून तिनं असं केलं की पान फक्त काकांच्या फोनवर, त्यांच्या अंगठ्यानं उघडेल. काकांनी सदऱ्याच्या बाहीनं भिंत पुसली. अक्षरं अर्धवटच गेली, पण आता त्यांचा कोणाला काही उपयोग नव्हता.

त्यांनी डावा अंगठा टेकवला. ३.९.

"भरत आली. आता बंद करायला हवं." मोटर थांबवण्याआधी त्यांनी चाकाला डावा हात घातला. चाक हलेना. ती पुढे झाली आणि दोन्ही हातांनी चाक धरलं. लोखंड गार होतं.

"सावकाश," काका म्हणाले. "घाई केली की पाणी आतून पाइपला ठोकतं."

ती सावकाश फिरवू लागली. पाइपमधला आवाज हळूहळू बारीक होत गेला.