इरफान मागून येतोय

माझं नाव संस्कृती. हसून घ्या, सगळेच हसतात. अकरावी अर्धी सोडलेली, रस्त्यात रिक्षावाल्याशी भांडणारी, आणि नाव संस्कृती.

मी व्हायोलिन वाजवते. आमचा चौघांचा ग्रुप आहे. पहिलं व्हायोलिन मी, दुसरं दीपाली, पायांत धरून वाजवायचा चेलो इंद्रजीत आणि व्हायोला इरफान. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, अंगाने जरा मोठा, आवाजाने जरा खाली. लग्नात पंगतीकडे बघणारा एक काका असतो ना, तसा. कोणाचं त्याच्याकडे लक्ष नसतं, पण तो नसला की सगळ्यांना कळतं.

डिसेंबरात सदाशिव पेठेत एक छोटा महोत्सव असतो. माइक नाही, स्पीकर नाही. स्टेजवर तीन-चार जण, खाली दोनशे माणसं. यंदाची थीम होती 'परतीची वाट', म्हणजे मरणाच्या दारात जाऊन परत आलेल्यांच्या गोष्टी. शुक्रवारी नचिकेता, शनिवारी सावित्री, आणि रविवारी सकाळी आम्ही, ऑर्फिअस.

ऑर्फिअस ग्रीक. त्याची बायको साप चावून मरते. हा वाजवत वाजवत पाताळात जातो आणि तिथल्या राजाला रडवतो. राजा म्हणतो, ने तिला. तू पुढे चाल, ती मागून येईल. फक्त वर उजेडात पोचेपर्यंत वळून बघायचं नाही. आणि हा अगदी दारात वळतो, ती कायमची खाली. संपलं.

पप्पांना ही गोष्ट सांगितली. पप्पा मांजरी गावचे, सर्जेराव. आधी ऊस होता, आता तिथे सोसायट्या आहेत. ते म्हणाले, "म्हंजी मसणवाटेतनं येताना मागं बघायचं न्हाई, तसंच की. यात ग्रीक काय हाय?"

"पप्पा, ते वेगळं. तिथे मेलेल्याने मागे येऊ नये म्हणून बघत नाहीत. इथे तिला यायचंय."

"मग तर अजिबात बघू नगंस. बघितलंस की तिला वाटंल, पोचलो. थांबंल तिथंच."

 

आमचा पीस कौशल्याताईंनी लिहिला होता. त्याच आम्हाला शिकवतात, नारायण पेठेत, वह्यांच्या दुकानावरच्या खोलीत. शेवटच्या भागात दीपाली आणि इंद्रजीत स्टेजवर बसणार. मी आणि इरफान हॉलच्या मागच्या दारातून आत येणार, अंधारात, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने. मी पुढे, तो सहा पावलं मागे. मी एक ओळ वाजवायची आणि थांबायचं. तीच ओळ त्याने खालच्या सुरात वाजवायची. त्याचं उत्तर आलं की मी पुढे चालायचं. असं स्टेजपर्यंत.

"गोष्टीत तो वळतो," मी म्हणाले.

"आपला नाही वळणार," कौशल्याताई म्हणाल्या. "इतकी शतकं वळतोय, मान दुखली असेल त्याची."

अडचण ऑर्फिअसची नव्हती, माझी होती. मला सगळं दिसतं. कोणाचं बोट केसभर खाली पडलं, कोण मोजायला विसरलं, सगळं. आणि दिसलं की मी बघते. नुसतं बघते, पण दीपाली म्हणते त्यापेक्षा तू कानफटात मार.

गुरुवारच्या प्रॅक्टिसला मी तीनदा वळले. तिसऱ्यांदा म्हणाले, "झोपलायस का?"

इरफानने बो, म्हणजे वाजवायचा गज, सैल केला आणि व्हायोला केसमध्ये ठेवला.

"तू बघतेस ना," तो म्हणाला, "तेव्हा माझा हात मरतो."

"काय डायलॉग मारतोस यार."

"डायलॉग नाही. चार वर्षं झाली. तू वळतेस, तुझी ती भुवई वर जाते, मला वाटतं मी चुकलो. मग खरंच चुकतो."

"चुकतोस म्हणून तर बघते."

"उलटं आहे." त्याने केसची चेन लावली. "रविवारी एकदा जरी वळलीस, तर मी तिथूनच दाराबाहेर. येरवड्याची बस पकडणार. आणि नंतर मी इथे येणार नाही. कधीच."

इरफान आवाज चढवत नाही. चढवला असता तर मी पण चढवला असता आणि विषय मिटला असता. तो गेला की तिघं राहणार, आणि तिघांचा हा ग्रुप होत नाही. मी अकरावी सोडली. पोहणं सोडलं. ब्यूटी पार्लरचा कोर्स तीन दिवसांत सोडला. हे एकच सोडलं नव्हतं, आणि आता हेच मला सोडून चाललं होतं.

"ताई, तुम्ही सांगा ना त्याला," मी म्हणाले.

कौशल्याताई चहा गाळत होत्या. "त्याला काय सांगू? मान तुझी आहे."

रविवारी सकाळी साडेसातला हॉल भरलेला. शाली, मफलर, कानटोप्या. दाराबाहेर ऊन आणि उपम्याचा वास, आत मिट्ट काळोख. इंद्रजीतचा चेलो सुरू झाला तसं कोणीतरी आमच्यासाठी दार उघडलं. उन्हाची एक लांब पट्टी माझ्या पायाखालून सुटली आणि मधल्या वाटेने थेट स्टेजपर्यंत गेली. दार लागलं. पट्टी विझली.

मी पहिली ओळ वाजवली.

मागून इरफानचं उत्तर आलं. मी चालले.

अंधारात वाजवत चालताना पाय आपले राहत नाहीत. काथ्याच्या मॅटिंगवर चालतेय की पाण्यावर, कळत नव्हतं. चेलो खाली कुठेतरी वाहत होता. दोन्ही बाजूंना माणसं होती, पण त्यांची तोंडं नव्हती, फक्त श्वास होते, आणि शालींना डांबराच्या गोळ्यांचा वास. वाटलं, ही सगळी इथेच राहतात, आपणच तेवढे वर निघालोय. प्रत्येक ओळ मी पुढे सोडायची, ती कुठेतरी जाऊन, जुनी होऊन, माझ्या पाठीमागून यायची. इरफानचा आवाज मानेवर कोणी उबदार हात ठेवावा तसा येत होता. चार वर्षं तो माझ्या बाजूला वाजवतोय. मी त्याला बघितलंय खूप. ऐकलं त्या दिवशी पहिल्यांदा.

मला वळावंसं वाटतच नव्हतं. मला वाटलं, हे सोपंय की.

नवव्या रांगेशी मी ओळ वाजवली आणि थांबले. उत्तर आलं नाही.

थांबले. चेलोने तोंडात घास धरावा तसा सूर धरून ठेवला. उत्तर नाही.

माझी मान आपोआप निघाली. खरं सांगते, हनुवटी खांद्यापर्यंत पोचली होती. तेवढ्यात डाव्या बाजूला एक बाई कुजबुजल्या, "अगं, तो मागचा मुलगा थांबलाय. बघ तरी."

आणि त्यांच्या पलीकडून, दोनशे माणसांच्या शांततेत, माझ्या पप्पांचा मांजरी गावचा आवाज आला. "बघायचं न्हाई."

"अहो, त्याला काही झालं असेल."

"काय बी होऊ द्या. बघायचं न्हाई म्हंजे न्हाई."

मी मान सरळ केली. आता काय करायचं ते कागदावर कुठेच लिहिलं नव्हतं. मी डी सुराची मोकळी तार धरली, बोट न लावता, आणि बो जितका हळू नेता येईल तितका हळू नेला. म्हणजे त्याला कळेल की मी पुढे गेलेली नाही. इथेच आहे, नवव्या रांगेपाशी.

डोळे समोरच्या जमिनीवर ठेवले. मनात एकच होतं, दार उघडलं तर ऊन इथून जाईल. ऊन नाही म्हणजे इरफान आत आहे. काळोख आहे तोवर तो आहे.

मग ऊन आलं.

माझ्या दोन पायांमधून ती पट्टी सरळ पुढे गेली, पांढरी, पातळ. मला माझी सावली दिसली, हातात बो धरलेली, स्टेजच्या पायरीवर डोकं टेकलेली. सावली एकटीच होती. मागे कोणी असतं तर दोन दिसल्या असत्या.

गेला. मी न वळता गेला.

एरवी मी व्हायोलिन तिथेच आपटलं असतं. पण हात थांबेना. बो टोकाला पोचला की मी परत आणायची, तोच सूर, तेवढाच. कोणासाठी वाजवतेय ते माहीत नव्हतं. घरातलं कोणी बाहेर असलं की आपण दिवा चालू ठेवतो, तसं.

ऊन बराच वेळ होतं. मग विझलं.

आणि दारापासून, लांबून, व्हायोला आला. त्याची ओळ नाही, माझी. अगदी पहिली, जी मी दाराशी वाजवली होती. मला एक क्षण कळलं नाही, मग कळलं. तो परत पहिल्या ओळीपासून चालत येत होता. मग मी त्याची उत्तरं वाजवली. तो एक ओळ सोडायचा, मी उभ्या उभ्या ती परत द्यायची. खाली नेता येत नव्हती, माझ्याकडे त्याची जाड तार नाही, म्हणून हळू वाजवली. दीपाली आणि इंद्रजीत कुठे पोचले होते देव जाणे. एकेक रांग करत तो जवळ आला, आणि मग मानेवर ती ऊब परत आली. आम्ही पुढे निघालो. त्याच्या चालीने. तो माझ्यापेक्षा हळू चालतो, हेही मला माहीत नव्हतं.

नंतर बाहेर, उन्हात, चहा घेताना मी विचारलं, "गेला होतास?"

"हो." तो कपाकडे बघत होता. "ओळच आठवेना. म्हटलं आता ही वळणार. तू वळायच्या आत निघालो. दार उघडलं, ते धरून बाहेर बाजूला उभा राहिलो."

"मग?"

"मग तू वाजवतच होतीस. पुढे पण जात नव्हतीस. म्हटलं, हिला सांगायला तरी पाहिजे, मी आहे म्हणून."

माझ्या तोंडात जे आलं होतं ते मी चहाबरोबर गिळलं. जीभ भाजली.

पप्पा गर्दीतून वाट काढत आले आणि इरफानसमोर उभे राहिले. "मागनं येणारा तूच का रं?"

"हो, काका."

"दार कशाला उघडलंस? निम्म्या हॉलाला थंडी वाजली." मग त्याच्या हातावर आपली उपम्याची डिश ठेवली. "खा. लांबनं आलायस."

इरफानने चमचाभर खाल्लं. 

"गुरुवारी किती वाजता?" त्याने विचारलं.

"सहा," मी म्हणाले. "आणि तुझी ती नवव्या रांगेची ओळ मला शिकव. खाली येत नाही मला, पण परत विसरलास तर हळू देईन."