पाच शेळ्या आणि साधनाचं बाळंतपण

शिवशंकरच्या दारात सकाळपासून एवढी गर्दी, की जवळा बाजारचा आठवडी बाजार उठून आमच्या वस्तीवर आला की काय असं वाटावं. ओट्यावर निरंजन महाराज डोळे मिटून बसले होते. दिवाळीपासून शिवशंकरच्या पाच शेळ्या व्याल्या आणि दर वेळी महाराजांनी आधी सांगितलं तेच पहिलं करडू झालं. पाट, म्हणजे मादी, म्हणाले की पाट, बोकड म्हणाले की बोकड. पाचपैकी पाच! आता त्याच तोंडानं ते शिवशंकरच्या बायकोचं, साधनाचं, बाळंतपण सांगत होते.

"ल्योक होईल. घरीच होईल. दवाखान्याची सुई टोचली तर शब्द उलटा फिरंल, मग रडत येऊ नका. माझ्या जिभेवर आई बसून राहिली हाय!"

जिभेवर आई बसल्यावर एवढं बोलता कसं येतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मी या वस्तीची आशाताई. साधनाचं तोंड, पाय सुजले होते, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. रक्तदाब मोजला आणि आकडा पाहून लगेच १०८ ला फोन लावला. गाडी फाट्यावर येऊन उभी होती, आणि दारात तिची सासू नर्मदाबाई आडवी उभी.

"मावशी, आकडीचा झटका आला तर दोन्ही जीव जातील."

"महाराजांचा शब्द मोडला तर जातील! पाच बार बराबर आलं, सहाव्यांदा खोटं कसं येईल?"

मी शिवशंकरकडं पाहिलं. बारावी शिकलेला माणूस. तो म्हणाला, "ताई, मी हिशेब केला. एका शेळीचं बराबर येणं म्हणजे निम्मी शक्यता. पाचहीचं येणं म्हणजे निम्म्याचं निम्मं, असं पाच बार. बत्तिसांत एक! एवढा योगायोग असतो का?"

गुणाकार बिनचूक होता. दहावीला गणितात मला छत्तीस मार्क, तरी एवढं मलाही कळत होतं. चूक कुठं आहे ते मात्र सापडेना, आणि आत साधना कण्हत होती. मला त्या बाबाचा आणि स्वतःचाही भयंकर राग आला.

तेवढ्यात गर्दीतल्या सुकन्याचं मनगट दिसलं. मोकळं. दिवाळीत महाराजांनी दारोदार जाऊन मनगटांना काळे दोरे बांधले होते. माझ्या रजिस्टरातली बत्तीसच्या बत्तीस घरं.

"सुकन्या, तुझा दोरा कुठं गेला?"

तिनं मान खाली घातली. आमच्याकडं शेळ्यामेंढ्या पाळणारे कळपाची गोष्ट बाहेर काढत नाहीत. किती आहेत, काय व्याली, बोललं की दृष्ट लागते म्हणतात. शेजारणीलाही पत्ता नसतो.

"बोल गं, साधनाचा जीव जाऊन राहिला!"

"महाराजांनीच काढून नेला. पाट सांगितली होती, बोकड झाला. म्हणे तुझ्या घरात दोष हाय. कोनाला सांगशील तर कळप मरंल."

महाराजांचे डोळे खाडकन उघडले. "खबरदार! भस्म होशील!"

"होऊ द्या," मी ओरडले. "पहिल्याच शेळीला कोनाकोनाचं चुकलं? हात वर करा."

कुणी हलेना. आतून साधनाची किंकाळी आली. तेव्हा म्हाताऱ्या जळबाचा हात वर गेला. मग दुसरा, तिसरा... पंधरा झाले. दुसऱ्या शेळीला नऊ, तिसरीला चार, चौथीला दोन, पाचवीला एक. एकतीस घरं. उरलं एकच.

"शिवशंकर, तुझा गुणाकार बराबर हाय. पण बत्तिसांत एक, तर घरंही बत्तीसच की! एकच चिठ्ठी काढून लागली असती तर नवल. यांनी बत्तीस काढल्या, एकतीस लपवल्या, तुझी तेवढी मिरवली. तीही लागली नसती तर पुढच्या गावाला, कुरुंद्याला जाऊन दोरे बांधले असते. अन् सहाव्या बारीला मागच्या पाच शेळ्या काय कामाच्या? पुन्हा निम्मं-निम्मंच. तेही ल्योक का लेक एवढ्यापुरतं. साधना जगंल का, हे शेळीवरून कळत न्हाई."

शिवशंकर पांढराफटक पडला. नर्मदाबाई दारातून बाजूला झाली. आम्ही खाटेसकट साधनाला गाडीपर्यंत धावत नेलं. मागं महाराज झोळी घेऊन पसार झाले. चपला तेवढ्या ओट्याखाली राहिल्या.

दवाखान्यात पोचल्यावर तिला झटका आलाच. पण तिथं डॉक्टर होते, औषध होतं. दोघी वाचल्या.

चमत्कार दिसला तर जरूर बघा. फक्त एक विचारा, चुकलेले किती आणि ते कुठं आहेत? जो चुकलेल्यांची तोंडं बंद करतो, त्याचं बरोबर आलेलं कवडीमोल असतं. शंका घ्या, आणि एकमेकांशी बोला.

आठवड्यानं साधना घरी आली. नर्मदाबाई भर रस्त्यात उभी राहून साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडली, "नात झाली हो, नात! अन् माझ्या शेळ्या बावीस, मेंढ्या नऊ. लागू द्या कोनाची लागते ती दृष्ट!"