चोचीवरचा ठिपका

साहेबांनी उभ्या नोकरीत एकही लिफ्ट पडू दिली नव्हती, आणि या एका गोष्टीचा घरच्यांना भरपूर त्रास झाला होता. लिफ्ट-निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते दारांच्या बिजागऱ्या, गॅसची नळी आणि बायकोने चिरलेली भाजी तपासू लागले. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, परसात काहीतरी पाळा. उलटून न बोलणारं."

कोंबड्यांचं असं ठरलं. बदकांचं ताईमुळे ठरलं.

ताई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. साहेब साठीला टेकले तरी त्यांना 'छोट्या' म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. आईची बदकं आईमागे तिनेच सांभाळली होती. पांढरीशुभ्र, आणि चोचीच्या टोकाला शाईचं बोट टेकवल्यासारखा काळा ठिपका. आता गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून ती घर विकून लेकीकडे नवव्या मजल्यावर राहायला गेली. घेणाऱ्याने घर बदकांसकट घेतलं. घर अजून उभं आहे. बदकं पहिल्या रविवारपर्यंत टिकली.

निघण्यापूर्वी तिने भावाकडे चार अंडी पाठवली होती, जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळून.

"आईच्या बदकांचं आता एवढंच आहे रे," ती फोनवर म्हणाली. "नीट ऐक."

नीट ऐकणं हा साहेबांचा प्रांत नव्हता. ताईने त्यांना बुटाची नाडी बांधायला शिकवली होती, सायकल शिकवली होती, आणि मग शिकवणं थांबवायचं राहूनच गेलं होतं. तिचा फोन ते स्पीकरवर टाकून बाजूला ठेवत आणि रेडिओ लावल्यासारखे आपल्या कामाला लागत. अधूनमधून "हं", शेवटी "कळतं गं मला". त्या दिवशी ते खुराड्याला कडी ठोकत होते. ताई बोलत होती, हातोडी चालली होती.

"ऐकतोयस ना, छोट्या?"

"कळतं गं मला."

"काय म्हणत होत्या ताई?" बायकोने आतून विचारलं.

"नेहमीचंच."

शेजारणीकडून अंड्यांवर बसायला आलेली एक खुडूक कोंबडी मागून आणली. तिच्याखाली कोंबडीची सहा आणि ताईची चार अंडी साहेबांनी एकाच सकाळी ठेवली. भेदभाव नको. दोन माणसांची लिफ्ट असो की बारा माणसांची, त्यांनी कायम एकच नियम लावला होता.

तीन आठवड्यांनी कोंबडीची पिल्लं बाहेर आली. साहेबांनी हात पाठीशी बांधून त्यांची पाहणी केली. बदकांची अंडी ढिम्म. कोंबडीने जेमतेम एक दिवस वाट पाहिली आणि पिल्लं घेऊन माती उकरायला निघून गेली. तिच्या लेखी कचेरी बंद झाली होती.

"फोल," साहेब म्हणाले. "प्रवासात हादरली असणार."

दुसऱ्या सकाळी अंडी टाकायला उचलली तेव्हा बायकोने एक मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. आत काहीतरी हललं. अंग चोरून झोपलेल्याने कूस बदलावी तसं.

"अहो," ती म्हणाली, "हे जिवंत आहे."

मग साहेबांनी मोबाइलवर शोधलं. शोधायला काही वेळ लागला नाही. पहिल्याच ओळीत होतं. बदकाला उबायला आठवडा जास्त लागतो. म्हणून बदकाची अंडी आठवडाभर आधी ठेवायची आणि कोंबडीची मागून, म्हणजे सगळी बरोबरच निघतात. हे वाचताना त्यांना ते वाक्य ताईच्या आवाजात ऐकू येऊ लागलं. दोन ठोक्यांच्या मध्ये तिने ते एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं.

"ताई एवढा वेळ बोलत होत्या," बायको म्हणाली. "लिफ्टबद्दल तर बोलत नसतील."

साहेबांनी बुटांच्या खोक्यात टॉवेल अंथरला, वर टेबललॅम्प बांधला, ओलं फडकं ठेवलं. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांनी कामात जीव ओतला. पण एक रात्र अंडी गारठली होती आणि ती रात्र काही परत मिळेना. शेवटी एक पिल्लू निघालं. दुसऱ्या अंड्याला आतून टोचलेलं एक भोक पडलं, आणि तेवढंच. उरलेल्या दोघांनी तेही केलं नाही. साहेबांनी तिन्ही अंडी लिंबाखाली पुरली.

त्याच दुपारी ताईचा फोन आला. या वेळी साहेबांनी तो कानाला लावला.

"निघाली का रे?"

"निघाली."

"चारही?"

साहेबांनी लिंबाखालच्या ताज्या मातीकडे पाहिलं.

"चारही," साहेब म्हणाले.

पलीकडे ताईने नाक पुसल्याचा आवाज आला. "आई असायला हवी होती," ती म्हणाली.

एकुलतं पिल्लू कोंबडीखाली सरकवून पाहिलं तर तिने टोचून बाहेर काढलं. हा उमेदवार मुदतीनंतर आला होता. मग कोंबडीच्या पिल्लांतलं सगळ्यात रोडकं त्याला सोबती दिलं. दोघं एका खोक्यात वाढू लागली. बदक वाटीतलं पाणी प्यायचं कमी, अंथरायचं जास्त. भुसा चिंब व्हायचा आणि रोडकं थंडीने कुडकुडायचं. साहेब दिवसातून दोनदा भुसा बदलत, वाटी उथळ करत. तरी झोपताना बदक आपलं ओलं अंग घेऊन रोडक्यालाच चिकटायचं, आणि रोडकं काकडत का होईना, सरकायचं नाही. पुढे सगळी परसात एकत्र झाली, तर बदकाला आपण बदक आहोत हेच माहीत नाही. पडद्याच्या पायांनी कोंबड्यांसारखी माती उकरायचं. उकरलं काहीच जात नसे, पण हजेरी लागायची. साहेबांनी टब भरून ठेवला, तर काठावर उभं राहून पाण्याकडे असं बघे, की जणू ती दुसऱ्याची मालमत्ता.

फोनवर मात्र साहेबांकडे चार बदकं होती. एक हावरट, एक भित्रं, एक भांडखोर आणि एक शहाणं. ताई खुलून हसायची. "भांडखोराला खाणं वेगळं घाल हं," म्हणायची. साहेब आता शब्दन्‌शब्द ऐकत. नसलेल्या बदकांबद्दलचा सल्ला त्यांना तोंडपाठ झाला होता.

"सांगून टाका," बायको म्हणायची.

"गुडघ्यांचं ऑपरेशन होऊ दे."

ऑपरेशन झालं. आणि ताई म्हणाली, "पायऱ्या उतरता येतात आता. बदकं बघायला येते."

साहेब बाजारात गेले आणि त्याच वयाची तीन पांढरी बदकं घेऊन आले. चोची कोऱ्या. मग कपाटातून त्यांनी लिफ्टच्या यंत्रांवर खुणा करायचं काळं मार्कर काढलं.

बायको दारात उभी राहून पाहत होती. "खोटं बोलायचं तर निदान ठिपका सारख्या जागी तरी काढा," म्हणाली आणि आत गेली.

ताई काठी टेकत थेट परसात आली. तीन बदकं टबात डुंबत होती, एक कोंबड्यांत माती उकरत होतं. ती टबाशी खुर्चीवर बसली. जवळ आलेल्या बदकाला सराईतपणे उचलून मांडीवर घेतलं, ओल्या अंगठ्याने चोच पुसली. मग अंगठा पाहिला. रुमाल काढून सावकाश पुसला आणि डाग आत राहील अशी रुमालाची घडी घातली.

"हे हावरट का रे?" तिने विचारलं.

साहेबांनी टबाकडे बघत मान हलवली. "हो."

"आणि ते भांडखोर?"

"हो."

"मग भित्रं हे." प्रत्येक वेळी ती थोडी थांबत होती. दार उघडं धरल्यासारखी. साहेब तिन्ही वेळा "हो" म्हणाले.

शेवटी तिने कोंबड्यांत उभ्या असलेल्याकडे पाहिलं. त्याच्या आईच्या, आजीच्या ठिपक्याकडे. "अन्‌ हे शहाणं," ती म्हणाली. ते घोगरं काहीतरी पुटपुटलं, तसं आवाज ऐकून ताई म्हणाली, "नर आहे. एकटाच वाढला वाटतं कोंबड्यांत." हा प्रश्न नव्हता.

चहा झाला. ताई बायकोशी गुडघ्यांबद्दल बोलली, हसली. निघताना टॅक्सीत बसल्यावर तिने काच खाली केली. आता बोलेल, म्हणून साहेब वाकले. बोल, खुशाल रागव, त्यांच्या मनात आलं.

"छान वाढवलीस," ताई म्हणाली.

अजूनही दर आठवड्याला तिचा फोन येतो. हावरटाची, भांडखोराची, भित्र्याची चौकशी होते. साहेब सांगतात, ती "हं" म्हणते. थंडी पडू लागली तेव्हा साहेबांनी मुद्दाम विचारलं, "ताई, खुराड्यात रात्री पाणी ठेवावं का गं? त्या रोडक्या कोंबडीचं अंग भिजतं." उत्तर त्यांना माहीत होतं. त्यांना फक्त ते ऐकायचं होतं. कानाला फोन दाबून, हातातलं सगळं खाली ठेवून.

"ठेव नाहीतर नको ठेवू," ताई म्हणाली. "तुला कळतं."