दोमितिलाच्या टपरीवरचं रबर

लिमा शहरात पाऊस पडत नाही. धुक्याची दमट भुरभुर, बस्स. त्यामुळे तिथल्या माणसांना आपल्या गाडीला वायपर आहेत हेच आठवत नाही. उन्हानं रबर करपतं, कडांना चिरा पडतात, पण कुणाचं लक्ष नसतं. मग जानेवारीत, डोंगरातल्या ऐन पावसाळ्यात, ही मंडळी थाटात निघतात आणि सान मातेओ गावाला पोचेपर्यंत त्यांची पाचावर धारण बसते. पुढे घाट, वर काळे ढग, आणि काचेवर रबराच्या नावानं दोन करपलेल्या पट्ट्या. गावाबाहेरच्या वळणावर वायपरची रबरं बदलून देणारी दोमितिलाची टपरी या बेफिकीर लोकांवरच चालायची.

टपरी मात्र तिनं पोटासाठी टाकली नव्हती. तिला त्यांच्यातला एकच माणूस हवा होता.

तीन वर्षांपूर्वी याच वळणावर तिचा नवरा फेलिसियानो एका ट्रकचं चाक बदलत होता, तेव्हा लिमाकडून आलेल्या गाडीनं त्याला चिरडलं. गाडी चालवणारा रेनान बेरास्तेगी न्यायाधीशांपुढे म्हणाला, "पाऊस अचानक आला. वायपरचं रबर फाटलेलं होतं. माणूस मला दिसलाच नाही. लिमात कोण बघतं साहेब रबराकडे?" न्यायाधीशही लिमाचेच. त्यांनी मान डोलावली. दोन तारखांत सगळं आटोपलं. त्या दोन्ही तारखांना बेरास्तेगीनं दोमितिलाकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

टपरी टाकल्यावर महिनाभरात शेकडो रबरं तिच्या हाताखालून गेली, आणि एक दिवस तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खटल्याच्या कागदांत वायपरचा फोटो होता. त्यात रबर लोंबत होतं, लांबलचक, काळंभोर, एकसंध. करपलेलं रबर असं कधीच लोंबत नाही. ओढलं की त्याचा भुगा होतो. ते रबर धडधाकट होतं, आणि ते त्यानं नंतर स्वतःच्या हातानं ओरबाडलं होतं. ती कचेरीत धावली. कारकून म्हणाला, "मावशी, रबरासाठी कुणी खटला पुन्हा उघडतं का?"

तेव्हापासून ती वाट बघत होती. तिनं बेतही पक्का केला होता. रबराचं एक टोक बंद असतं, तिथली खाच दांडीच्या चिमट्यात अडकवायची असते. रबर उलटं सरकवलं तर टपरीवर सगळं ठीक दिसतं, पण वर खिंडीत धो धो पाऊस लागला की ते हळूहळू निसटून जातं. मग आंधळ्यासारखी चालव म्हणावं गाडी, आणि जा दरीत.

त्या शनिवारी दुपारी तो आला. गाडी वेगळी होती, पण आवाज तोच.

"मावशी, दोन्ही रबरं बदल. जरा हात चालव. पाच वाजता खिंडीपलीकडे तार्माला बाप्तिस्मा आहे आणि पोराला हातात धरणारा धर्मपिता मी. माझ्याशिवाय पाद्री सुरूच करणार नाही."

त्यानं तिला ओळखलं नाही. कसा ओळखणार? बघितलं होतं कुठे!

"कुठलं घालू साहेब? कडक टिकतं, पण काचेवर कुरकुरतं. मऊ लवकर झिजतं, पण पाणी साफ काढतं."

"मऊ घाल. मला स्वच्छ दिसलं पाहिजे."

दोमितिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मुकाट्यानं दोन्ही दांड्या काढल्या आणि जुनी रबरं ओढली. तिच्या तळहातावर काळा भुगा पडला. या खेपेला ती खरोखरच करपलेली होती. नवं रबर तिनं मापून कापलं, त्यात स्टीलच्या बारीक पट्ट्या बसवल्या आणि ते दांडीत सरकवायला घेतलं. उलटं. अर्ध्यापर्यंत गेलंही.

मग तिचा हात थांबला. दया आली म्हणून नव्हे. दया तिनं केव्हाच गुंडाळून ठेवली होती. पण दरीत पडलेला माणूस बोलणार काय? आणि तिला तर त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

टपरीच्या पत्र्यावर टपटप सुरू झाली. तिनं रबर बाहेर ओढलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं.

"काय झालं?"

"फेलिसियानो त्या समोरच्या दगडाशी बसला होता. पाना हातात होता त्याच्या."

बेरास्तेगीचा चेहरा पांढराफटक पडला. "कोण फेलिसियानो?"

"नाव विसरलास? खटल्यात चार वेळा वाचलं होतं."

तो पलीकडच्या नेलिदाच्या टपरीकडे पळाला. तिच्याकडेही रबरं होती. नेलिदानं त्याच्या तोंडावर ताडपत्री ओढली. टायरवाला इलारिओ पहार घेऊन सावकाश रस्त्यावर येऊन उभा राहिला. चहा घेणारे दोन ट्रकवालेही उठले. पावसानं आता चांगलाच जोर धरला होता.

"बाई, असा कसा जाऊ मी? काचेतून काही दिसत नाहीये!"

"तेव्हा दिसलं होतं का?"

"मी कोर्टात सांगितलंय..."

"कोर्टात रबर बोललं. आता तू बोल."

"दोमितिला, याला धरू का?" इलारिओनं विचारलं.

"हात लावू नका, इलारिओदादा. त्याला घाई आहे. बोलेल तो."

तो गाडीत बसला, उतरला, पुन्हा बसला. घड्याळ बघितलं. तार्माहून फोन आला, तो त्यानं कापला. अर्ध्या तासानं तो भिजून चिंब होऊन तिच्यासमोर उभा राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"दिसला होता," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"दिसला होता! लांबून दिसला होता. हात करत होता. मी फोनवर बोलत होतो, वाटलं, होईल बाजूला. रबर... रबर मी मागाहून ओढलं."

एका ट्रकवाल्यानं टोपी काढली. हात करत होता. हे दोमितिलाला ठाऊक नव्हतं.

"सांगितलं ना आता," बेरास्तेगी हात जोडून म्हणाला. "द्या ते रबर. उशीर होतोय मला."

दोमितिलानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुला कशाला हवंय रबर? तुला तर दिसतं."

ती पाठ फिरवून पुढच्या गाडीकडे गेली. पाऊस अंधार पडेपर्यंत ओसरला नाही, आणि तोवर तो तिथेच त्या दगडासमोर गाडीत बसून होता. तार्माला पोराचा बाप्तिस्मा दुसऱ्याच कुणाच्या हातात झाला.